विश्वचषकापूर्वी संघाची ताकद कशी जोखावी: 2018 च्या जर्मनीचा धडा

2018 चा फुटबॉल विश्वचषक सुरू झाला तेव्हा जर्मनी गतविजेता होता, फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या क्रमवारीत पहिला होता, आणि पात्रता फेरीतील दहाही सामने जिंकताना त्याने 43 गोल करून केवळ 4 स्वीकारले होते. हाच संघ गटात शेवटचा येऊन घरी परतला. हे आधी दिसू शकले असते का, हे तपासत गेल्यास अंदाज बांधण्याची रीत बरीचशी उलगडते.

सर्वप्रथम पात्रता फेरीचे आकडे चाळून घ्यावेत. जर्मनीच्या 43 पैकी 15 गोल एकट्या सान मारिनोविरुद्धच्या दोन सामन्यांत झाले होते, आणि गटातील उरलेल्या संघांतही जगज्जेतेपदाचा दावेदार म्हणावा असा कोणी नव्हता. म्हणून आधीच्या वर्षभरातील तुल्यबळ संघांविरुद्धचे सामने वेगळे काढून त्यांची स्वतंत्र यादी करावी. जर्मनीची ही यादी बोलकी आहे: इंग्लंडशी 0-0, फ्रान्सशी 2-2, स्पेनशी 1-1 आणि ब्राझीलकडून 0-1 असा पराभव. त्यानंतर ऑस्ट्रियानेही त्यांना 2-1 असे हरवले. मैत्रीपूर्ण सामन्यांत प्रशिक्षक प्रयोग करतात, हे खरे. पण सलग पाच सामन्यांत एकही विजय नसेल, तर त्याला प्रयोग म्हणून सोडून देणे मला भाबडेपणाचे वाटते.

क्रमवारीकडे एकदा पाहावे आणि पुढे जावे. ऑगस्ट 2018 पासून तिची पद्धत सुधारली असून मैत्रीपूर्ण सामन्यांना कमी वजन मिळते, तरीही 2022 मध्ये दुसऱ्या क्रमांकावरचा बेल्जियम गटातच बाद झाला.

अधिक वेळ द्यावा तो खेळाडूंच्या यादीला. नावे किती मोठी आहेत यापेक्षा कोण किती खेळून आला आहे हे पाहावे. जर्मनीचा कर्णधार आणि गोलरक्षक मॅन्युएल नॉयर पायाच्या दुखापतीमुळे सप्टेंबर 2017 पासून बाहेर होता आणि थेट त्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या सामन्यात परतला. 2002 मध्ये फ्रान्सकडे आन्री, त्रेझेगे आणि सिसे असे तीन वेगवेगळ्या देशांच्या लीगमधले सर्वाधिक गोल करणारे आघाडीवीर होते, पण स्पर्धेच्या तोंडावर मध्यफळीतला सूत्रधार झिदान जायबंदी झाला आणि तीन सामन्यांत फ्रान्सला एकही गोल करता आला नाही. याउलट 2022 मध्ये पोग्बा, कान्ते आणि बेन्झेमा हे तिन्ही प्रमुख खेळाडू नसताना फ्रान्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. म्हणजे कोण जखमी आहे याइतकाच, त्याच्या जागी उभा राहणारा कोण आहे आणि खेळ कुणावाचून अडतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

माझ्या हिशेबात बचावाला आघाडीपेक्षा जास्त गुण असतात. 2004 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठी ग्रीसने पात्रता फेरीच्या आठ सामन्यांत अवघे 8 गोल केले होते, म्हणून त्याच्याकडे कुणी वळून पाहिले नाही. पण स्वीकारलेले गोल फक्त 4 होते आणि गटात तो स्पेनच्याही पुढे होता. पुढे बादफेरीतील तिन्ही सामने त्याने 1-0 अशाच फरकाने जिंकले. 2010 च्या विश्वचषकात स्पेननेही बादफेरीतील चारही सामने 1-0 नेच जिंकले होते.

कोणता संघ कोणत्या गटात हे ठरवणारी सोडत (ड्रॉ) हाती आली की गटाबरोबरच त्यापुढची वाटही कागदावर काढावी. गटात दुसरे आल्यास गाठ कुणाशी पडेल, एवढे कळले तरी पुरे. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या चौकाचौकांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, आणि त्या झेंड्याखाली उभे राहून हा कागद भरणे किती अवघड असते, हे तिथल्या कुणालाही विचारावे.

अंदाज लिहिल्यावर पहिल्या सामन्याचा नुसता निकाल पाहून तो खोडू नये. 2010 मध्ये स्पेन आणि 2022 मध्ये अर्जेंटिना पहिला सामना हरूनच जगज्जेते झाले. पराभव कसा झाला, हे पाहावे. सौदी अरेबियाविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड (खेळाडू नियमापेक्षा पुढे उभा असल्याने बाद) ठरले होते, म्हणजे संधी तयार होत होत्या. 2018 मध्ये मेक्सिकोने मात्र जर्मनीच्या मध्यफळीमागच्या मोकळ्या जागेतून पुन्हा पुन्हा प्रतिहल्ले चढवले आणि विजयाचा एकमेव गोलही तसाच केला.