ओपन सोर्स साधनांनी झटपट नमुना कसा बनवावा: कागदावरच्या शंकेपासून चालत्या वस्तूपर्यंत

फ्रीजरचं दार उघडं राहिलं की वाजणारी एक छोटी डबी बनवायची आहे, असं समजू. कल्पना सुचली की हात लगेच डबीच्या डिझाइनकडे वळतात. थोडं थांबा. आधी शंका लिहून काढा. चुंबक किती दूर गेल्यावर सेन्सरला कळेल? दार किती वेळ उघडं राहिल्यावर आवाज यावा? बॅटरी किती टिकेल? ज्या शंकेवर सगळी वस्तू अवलंबून आहे, ती पहिली घ्या. एका फेरीत एकाच शंकेचं उत्तर शोधायचं, तेही हाताशी असलेल्या सर्वांत साध्या साधनाने. हौशी माणसाच्या कामाला वेग येतो तो इथून. ओपन सोर्समुळे तो आणखी वाढतो, कारण दुसऱ्याने सोडवलेला भाग उघडून पाहता येतो आणि हवा तसा बदलता येतो.

पहिली फेरी: ब्रेडबोर्ड

ब्रेडबोर्ड म्हणजे सोल्डरिंग न करता तारा आणि पार्ट खोचून जोडायची भोकांची पाटी. तिच्यासोबत आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घ्या. त्याची सुरुवात २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया इथे, डिझाइनच्या विद्यार्थ्यांना वापरता यावं म्हणून झाली. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यालाही ते जमतं. रीड स्विचची (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) एक तार बोर्डच्या पिनला, दुसरी ग्राउंडला जोडा. कोडमध्ये त्या पिनला ‘इनपुट पुलअप’ करा, म्हणजे स्विच उघडा असताना पिनचा व्होल्टेज वर धरून ठेवणारा चिपमधलाच रेझिस्टर चालू होतो, वेगळा लागत नाही. आवाज करणारा पिएझो बझर दुसऱ्या पिनवर. आता हे सगळं चिकटपट्टीने खऱ्या दाराला लावा आणि घरातल्यांना नेहमीसारखं वापरू द्या. ३० सेकंद बरे की ६०, हे टेबलाशी बसून ठरत नाही.

बॅटरीचं गणित

इथे घाई करू नका, कारण पुढची सगळी रचना यावर ठरते. दार बहुतेक वेळ बंद असतं, म्हणजे चुंबक जवळ असतो, स्विच जोडलेला असतो आणि पुलअपमधून करंट सतत वाहत राहतो. आर्डुइनो उनो या नेहमीच्या बोर्डवरच्या चिपचा आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा असतो. ३ व्होल्टवर ३० किलोओहम धरले तर १०० मायक्रोअँपिअर होतात. नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास. म्हणजे नुसता पुलअपच तो सेल तीन महिन्यांत संपवेल. आतला पुलअप बंद करून बाहेर १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला की हाच करंट ३ मायक्रोअँपिअरवर येतो. शिवाय उनोचा पूर्ण बोर्ड सेलवर चालवू नका. त्याचा रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि दिवाही वीज खातात. एटीटायनी८५ सारखी सुटी चिप घ्या, तिला झोपवून ठेवा आणि दार उघडलं की पिनवरच्या बदलाने जागी करा. कोड फारसा बदलावा लागत नाही.

सर्किट आणि डबी

जोडणी पक्की झाली की कायकॅडमध्ये सर्किट काढा. १९९२ मध्ये जाँ-पिएर शारास यांनी सुरू केलेल्या या सॉफ्टवेअरला पुढे सर्न या संशोधन संस्थेचाही हातभार लागला. आधी सर्किटची तपासणी चालवा, मग बोर्डची मांडणी, मग ‘डिझाइन रूल चेक’, म्हणजे रेषांमधलं अंतर वगैरे नियम पाळले गेलेत का याची तपासणी. गर्बर फाइल (बोर्ड बनवणाऱ्याला लागणारी) पाठवण्याआधी बोर्ड कागदावर १:१ प्रमाणात छापून खरे पार्ट त्यावर ठेवून पाहा. पाय जुळत नसतील तर इथेच कळतं.

कायकॅडमधून बोर्डची स्टेप फाइल (थ्रीडी आकाराची) काढून फ्रीकॅड या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणा आणि डबी तिच्याभोवती रचा. जाडी, फट, भोकाचा व्यास ही मापं फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये ठेवा. एक आकडा बदलला की सगळा आकार बदलतो. एम३ (३ मिलिमीटरचा) स्क्रू मोकळा जायला ३.२ मिलिमीटरचं भोक आणि झाकणाला प्रत्येक बाजूने ०.२ मिलिमीटर फट, इथून सुरुवात करा. थ्रीडी प्रिंटरवर पूर्ण डबी छापण्याआधी फक्त एक कोपरा छापा: एक भोक, झाकणाची थोडी कड. काही मिनिटांत तुमच्या प्रिंटरची खरी मापं कळतात. घरगुती थ्रीडी प्रिंटर इतके पसरले, त्यामागेही खुलं काम आहे: बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बॉयर यांचा २००५ चा रेपरॅप प्रकल्प.

फाइल आणि परवाना

पहिल्या दिवसापासून सगळं गिट या, फाइलमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, आणि प्रत्येक नोंदीत काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. दुसऱ्याचं डिझाइन उचलताना त्याचा परवाना, म्हणजे वापरण्याच्या अटी, आधी वाचा.

स्वतःचं काम खुलं करताना नुसत्या गर्बर आणि एसटीएल फाइल देऊ नका. एसटीएल ही थ्रीडी छपाईची फाइल म्हणजे फक्त त्रिकोणांची जाळी. त्यात मापं बदलणं फार कठीण जातं. कायकॅड आणि फ्रीकॅडच्या मूळ फाइलही द्या. कोडला एमआयटी किंवा जीपीएल परवाना, हार्डवेअरला सर्नचा ओपन हार्डवेअर परवाना लावता येतो. त्याच्या २०२० मधल्या दुसऱ्या आवृत्तीत तीन प्रकार आहेत. बदल करणाऱ्याने आपले बदलही खुले करावेत असं वाटत असेल तर त्यातला ‘एस’ प्रकार निवडा. परवानाच लिहिला नाही, तर फाइल सगळ्यांना दिसत असली तरी ती वापरायची कायदेशीर मुभा सहसा कोणाला मिळत नाही.