असेंबल पीसीवर फाईली करप्ट होतायत? हार्डडिस्क बदलायच्या आधी हे बघा

फोटो उघडला की खालचा अर्धा भाग करडा, झिप उघडली की एरर, काल सेव्ह केलेला फोल्डर आज नाहीच. घरी पार्ट जोडून केलेल्या मशीनवर हे झालं की जो तो म्हणतो हार्डडिस्क गेली, नवीन टाक. गेलेली असेलही भावा, पण पहिला संशय रॅमवर घ्यायचा, कारण रॅम खराब असेल तर नव्या डिस्कवर पण खराबच डेटा लिहिला जाणार.

आधी मशीन बंद करा. त्या ड्राईव्हवर नवीन काही टाकू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअर पण त्याच ड्राईव्हवर इन्स्टॉल करू नका, आणि चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं टूल) तर अजिबात नाही, ते फाईल सिस्टीम जुळवायला बघतं, तुमच्या फाईली वाचवायला नाही, मग फाउंड डॉट ००० नावाच्या फोल्डरात नुसते तुकडे सापडतात. ड्राईव्ह काढून साटा-यूएसबी केबलने मित्राच्या चांगल्या लॅपटॉपला लावा आणि डेटा तिकडं कॉपी करा. आपल्याच मशीनवर कॉपी केली आणि रॅम बाद असली तर कॉपी पण बिघडणार, म्हणून एवढा खटाटोप.

फाईल नुसती दिसत नसेल तर वनड्राईव्ह बघा, ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या फोल्डरात हलवतं, लोक उगाच घाबरतात.

आता रॅम. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा, ते रॅम जास्त स्पीडने पळवतं, म्हणजे ओव्हरक्लॉकच असतं. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवर टाकून त्यावरून बूट करा, फुकटच्या व्हर्जनमध्ये तपासणीच्या ४ फेऱ्या होतात, रात्री लावून झोपा. सकाळी एक जरी लाल एरर दिसली तरी ती रॅम नापास, "एकच तर आहे" म्हणून सोडू नका. मग एकेक स्टिक वेगळी लावून टेस्ट करा म्हणजे स्टिक खराब का स्लॉट ते कळतं. एक्सएमपी बंद असताना पास आणि चालू केल्यावर नापास, असं झालं तर स्पीड कमी ठेवून वापरा नाहीतर वॉरंटीत बदलून घ्या.

अजून एक टेस्ट मला लय आवडते. रॅमपेक्षा मोठी एक फाईल घ्या, सेव्हन-झिपच्या राईट क्लिकमधून तिचा एसएचए-२५६ (फाईलमधल्या डेटावरून निघणारा लांबलचक आकडा) काढा, थोड्या वेळाने परत काढा. फाईलला हात लावला नाही आणि आकडा बदलला, म्हणजे वाचताना कुठंतरी बिट पलटतोय, रॅम, प्रोसेसर नाहीतर केबल.

प्रोसेसर इंटेलचा १३व्या किंवा १४व्या जनरेशनचा असेल तर बायोस अपडेट कराच. त्यातल्या बऱ्याच डेस्कटॉप चिपमध्ये जास्त व्होल्टेजचा घोळ होता, २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं अपडेट, बायोसमधून येतं) काढला, पण आधीच बिघडलेली चिप त्याने सुधरत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो, हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. त्यात ०५, सी५, सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळींचे आकडे वाढत असतील तर डिस्क खरंच चाललीय. नुसता सी७ वाढत असेल तर बहुतेक साटा केबल, ती बदलायला काय लागतंय.

आणि लाईट. कोल्हापुरात वळीव सुरू झाला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही, फाईल लिहिता लिहिता गेली की ती फाईल अर्धवट राहू शकते. लाईट गेल्यावरच गडबड होत असेल तर रॅमच्या मागं लागू नका, यूपीएस घ्या, आणि त्याची बॅटरी मधूनमधून प्लग काढून तपासा, मेलेल्या बॅटरीचा यूपीएस बऱ्याच घरात तसाच पडलेला असतो.

दोषी पार्ट बदलल्यावर विंडोज परत कोरं टाका, सिस्टीमच्या कुठल्या फाईली बिघडल्यात ते शोधत बसू नका. फोटो मात्र एकेक उघडून बघा, आणि जुन्या बॅकअपवर नवी कॉपी ओतायची घाई करू नका, चांगल्या फाईलवर खराब बसली तर ती परत येत नाही.