ग्रीक बोलायची तर लाइकीत जा

अथेन्समध्ये वस्तीवस्तीत आठवड्यातून एकदा रस्त्यावर भाजीबाजार भरतो, त्याला 'लाइकी' म्हणतात. बोलण्याचा सराव तिथे करा. पर्यटकांच्या कॅफेत वेटर लगेच इंग्रजीवर येतो. (बाजारातही आलाच, तर 'मथेनो एलिनिका', म्हणजे 'ग्रीक शिकतोय', एवढं सांगा.)

सुरुवातीला दोनच वाक्यं पुरतात: 'पोसो कानी?' म्हणजे कितीला, आणि 'मिसो किलो दोमातेस, पाराकालो', अर्धा किलो टोमॅटो द्या. अडतं ते उत्तर ऐकताना. आकडे पाठ असले तरी 'एनामिसी' (दीड) आणि 'दिओमिसी' (अडीच) निसटतात, कारण आपल्यासारखेच ते एका शब्दात बोलतात. भावाच्या पाट्या वाचत हे आधी मनात म्हणा.

मराठी कानाला खरा चकवा 'ने'चा. तो होकार आहे, नकार 'ओही'. कित्येकदा विक्रेता शब्दही काढत नाही, नुसती मान मागे टाकून जिभेने 'च्च' करतो. तेही नाहीच, उगाच पैसे पुढे करू नका.

आघात सांभाळा: 'पोते'त पहिल्यावर जोर दिला तर 'कधी?', दुसऱ्यावर दिला तर 'कधीच नाही'. लिखाणात त्या स्वरावर तिरकी रेघ असते, म्हणून नवा शब्द ग्रीक लिपीतच टिपा.