चार्जिंग आणि व्हॅक्यूमची गळती घरी तपासण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम जागा ठरवावी. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करावी. सैल बाही, ओढणी फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावी. हाताशी डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, टर्मिनल खरवडायला तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, कानाला लावण्यापुरती रबरी नळी आणि साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली असावी.

चार्जिंग आधी तपासावे, कारण व्होल्टेज कमी असेल तर इंजिनही अडखळते आणि व्हॅक्यूमच्या गळतीचा, म्हणजे नळी किंवा सांध्यातून इंजिनात नको ती हवा शिरण्याचा, नाहक संशय येतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे, तो १२.४ च्या खाली असेल तर बॅटरी चार्ज करूनच पुढे जावे. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित असतात, मात्र नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम खालीवर करतो. मग हेडलाइट व ब्लोअर लावून मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) आउटपुट नटावर आणि काळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर टेकवावी. येथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर दोष बहुधा केबलचा किंवा टर्मिनलवरच्या पांढऱ्या थराचा असतो. नवा अल्टरनेटर घेण्यापूर्वी हा आकडा वहीत असलेला बरा. चालू इंजिनवर बॅटरीची तार कधीही काढू नये.

पेट्रोल इंजिनाला व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवा खेचण्याची ओढ मोजणारे मीटर) लावणार असाल, तर समुद्रसपाटीचे १७ ते २२ इंच पाऱ्याचे प्रमाण जसेच्या तसे धरू नये. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे जवळपास २ इंच कमी भरतात. थंड इंजिन चालू करून नळीने सुस्कारा ऐकावा, ब्रेक बूस्टरची (ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या डब्याची) नळी आणि इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या भागाचे) सांधे पाहावेत, उंदरांनी कुरतडलेले रबरही शोधावे. संशयित जागी थोडे पाणी फवारताच आयडलिंग (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाची चाल) बदलले, तर गळती तेथेच आहे. अल्टरनेटर व इग्निशन कॉइलवर पाणी उडू देऊ नये, ज्वालाग्राही स्प्रे तर वापरूच नये.

डिझेल गाडीला ही पद्धत बहुधा लागू पडत नाही. तेथे स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असतो, आणि काही मॉडेलांत तो अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. नळी काढण्यापूर्वी जोडणीचा फोटो घ्यावा आणि पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुना तुकडा बरोबर न्यावा, म्हणजे आतला व्यास अंदाजाने सांगावा लागणार नाही.