कॉलेजचं पहिलं वर्ष: चतुर्थीच्या आत वही रुळवा

दर जूनला गावातलं कोणी ना कोणी ओसरीवर येऊन बसतं. 'मॅडम, आमचा पोरगा एफवायला गेला, जरा सांगा त्याला.' गेली पंधरा वर्षं मी पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. पोरगा माझ्याकडे येईपर्यंत त्याला मामाने, शेजाऱ्याने आणि यूट्यूबने इतकं काही सांगून झालेलं असतं, की आधी तेच काढून टाकावं लागतं.

कागदपत्रं, फी, लायब्ररीचं कार्ड हे सगळं आपोआप उरकतं. वाळपई-साखळीकडून पणजीला येणाऱ्यांनी कदंब बसच्या पासचं काम पहिल्याच आठवड्यात करून टाकावं. रॅगिंगचा त्रास झाला तर गप्प बसून सोसू नका, यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. मित्र कसे करायचे ते विचारू नका, कॅन्टीनमध्ये ते होतातच.

आता हजेरीचा हिशोब. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, चार क्रेडिटांचा पेपर म्हणजे ६० तास. हजेरी ७५ टक्के लागते, म्हणजे सेमिस्टरभरात त्या पेपरचे १५ तास बुडवायची मुभा. ती पावसाळ्यातल्या तापासाठी आणि चुकलेल्या बससाठी ठेवा. जुलैत मिरामारच्या वाळूवर संपवलीत तर ऑक्टोबरात माझ्या टेबलापाशी उभं राहून काही उपयोग नाही.

खरी अडचण पुढे आहे. ती कोणी सांगत नाही, कारण सांगायला लाज वाटते.

माझी प्राथमिक शाळा मराठी. पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी झाली, पण सर समजावून सांगायचे ते कोंकणी-मराठीतच. हायर सेकंडरीपर्यंत हेच चाललं. मार्क चांगले पडले, म्हणून मला वाटायचं इंग्रजी येतं. येत होतं ते डोळ्यांना, कानांना नाही. कॉलेजच्या पहिल्या तासाला बाई सलग पाऊण तास इंग्रजीत बोलल्या. 'इकॉनॉमिक्सच्या मुळाशी स्केअर्सिटी आहे,' असं काहीतरी म्हणाल्या आणि मी वहीत लिहिलं, 'स्केअर सिटी'. दोन दिवस मला ते परदेशातलं एखादं शहर वाटत होतं. तिसऱ्या दिवशी पुस्तकात शब्द दिसला तेव्हा कळलं, टंचाई! नळाला पाणी नसण्याइतकी ओळखीची गोष्ट.

त्यावर मला मिळालेला सल्ला: 'फाडफाड इंग्रजी बोलायला लाग, इंग्रजी बातम्या ऐक.' महिनाभर ऐकल्या. बातमीदाराचा टाय आठवतो, बाकी काही नाही. बोलणं दुसऱ्या वर्षी आपसूक येतं. पहिल्या वर्षी कान आणि वही सांभाळा.

वही अशी ठेवा. वर्गात फक्त उजव्या पानावर लिहायचं, डावं कोरं सोडायचं. पूर्ण वाक्यं उतरवत बसू नका, हात मागे पडतो आणि कान बंद होतात. मुद्दा मराठीत लिहिलात तरी चालेल. अनोळखी शब्द जसा ऐकू आला तसा देवनागरीत लिहा आणि त्याभोवती वर्तुळ काढा. स्पेलिंगच्या मागे लागू नका.

त्याच संध्याकाळी डावं पान भरायचं: शब्दाचं खरं स्पेलिंग, मराठी अर्थ आणि आपल्या घरातलं एक उदाहरण. इलॅस्टिसिटी म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते; त्यासमोर मी लिहिलं होतं, 'बांगडा महागला की आई तारले आणते; मीठ महागलं तरी मीठच आणते.' हे उदाहरण मी अजून वर्गात सांगते. 'त्याच संध्याकाळी' हे मात्र काटेकोर पाळा. मी एकदा रविवारी एकदम भरू म्हणून आठवड्याची वर्तुळं साठवली. रविवारी त्यातली निम्मी मला स्वतःलाच वाचता येईनात.

फळ्याचे फोटो काढू नका. मोबाइलमध्ये चारशे फोटो असलेली मुलं मी दरवर्षी बघते. परीक्षेच्या आदल्या रात्री ती फोटोच शोधत असतात. सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स त्याहून वाईट, कारण तिच्यात सीनियरच्या चुकाही येतात. परीक्षेत लिहायचं ते डाव्या पानावरून, स्वतःच्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. चार शब्दांचं वाक्य चालतं, मार्क कापत नाही कोणी.

आणि विचारा. भर वर्गात धीर होत नसेल तर तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात या, वही उघडा, वर्तुळावर बोट ठेवा आणि कोंकणीत विचारा. आमच्यातले कितीतरी जण अशाच शाळांतून आलेले आहेत.

माझ्या वहीत पहिल्या दिवशीच्या पानावर तेवीस वर्तुळं होती. चतुर्थीच्या आधीच्या पानावर चार. चतुर्थी हीच मुदत धरा, कारण आयएसए, म्हणजे सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा, बहुधा त्या सुट्टीच्या मागेपुढेच येते आणि सुट्टीत अभ्यास करेन म्हणणाऱ्याने तो केलेला मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा डावी पानं आधीच पुरी करा, वही कपाटात टाका आणि माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या छतासाठी, कांगलां, आंबाडे शोधायला रानात जा.

परत आल्यावर शेजारची मुलगी डाव्या पानांची झेरॉक्स मागेल. देऊ नका, पद्धत सांगा. तुमचा बांगडा तिच्या काय कामाचा? तिच्या घरी शिवराक, म्हणजे शाकाहारी, असेल.