वेचणीचा हिशोब: आधी फाइल लिहा, मग एआयला पान करायला सांगा

माझी माय कापूस वेचणाऱ्या अठरा बायांच्या टोळीची मुकादम आहे. आमचं गाव पांढरकवड्याकडचं. पहिला वेचा सुरू झाला की रोज संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो, एकेकीचं गाठोडं मोजलं जातं आणि माय वहीत वजन लिहिते. बाजाराच्या आदल्या रात्री चुकारा, म्हणजे प्रत्येकीच्या मजुरीचे पैसे, काढायला मी वही घेऊन बसायची, तर तीन-चार तास जायचे. गेल्या हंगामापासून हे काम फोनवरचं एक पान, म्हणजे वेबपेज, करतं. पान एआयनं लिहिलं, पण त्याच्याकडून ते नीट लिहून कसं घ्यायचं ते मला उशिरा समजलं. दुधाचं संकलन असो, अवजारांचं भाडं असो की बचत गटाचं व्याज, सगळीकडे हीच रीत चालते, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्यांदा मी सरळ लिहिलं होतं, "कापूस वेचणीचा हिशोब करणारं ॲप बनव, किलोला दहा रुपये." पान आलं, दिसायलाही छान. मायनं बघितलं आणि विचारलं, "फडक्याचं अर्धा किलो काऊन नाई कापलं वं?" गाठोडं ज्या फडक्यात बांधतात त्याचं वजन दर गाठोड्यामागे वजा होतं. गावात हे सगळ्यांना माहीत, म्हणून मी सांगितलंच नव्हतं. ते घालायला लावलं तर तिसऱ्या वेच्याचा वाढीव भाव गायब झाला. तो परत आणला तर उचल दोनदा कापली गेली. असं पाच-सहा वेळा झाल्यावर लक्षात आलं की आमचे नियम एका जागी कुठेच लिहिलेले नाहीत. थोडे मायच्या डोक्यात, थोडे माझ्या मेसेजांमध्ये.

मग मी पान बाजूला ठेवलं आणि नुसते नियम आणि नोंदी लिहिल्या:

<हंगाम>
  <वावर नाव="नाल्याकाठचं">
    <भाव वेचा="१" किलोमागे="१०"/>
    <भाव वेचा="३" किलोमागे="१२"/>
    <फडकं वजा="०.५"/>
    <गाठोडं बाई="थोरली काकू" वेचा="१" वजन="२३.५"/>
    <उचल बाई="थोरली काकू" रुपये="१००"/>
  </वावर>
</हंगाम>

गुणाकार कधी करायचा, उचल कधी वजा करायची, यातलं यात काहीच नाही. काय आहे तेवढंच लिहिलंय. कसं करायचं ते पान बघून घेईल. अशा लिहिण्याच्या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात. त्याचं प्रमाण १९९८ साली ठरलं, आणि वेबपेज ज्यात लिहितात ते एचटीएमएल त्याच कुळातलं. एक्सएमएलमध्ये टॅगची, म्हणजे कंसातल्या त्या खुणांची, नावं आपण ठरवायची असतात आणि ती देवनागरीत चालतात. मला याचं सगळ्यात जास्त मोल वाटतं. माझी माय चौथीपर्यंत शिकलेली. प्रोग्राम तिला वाचता येणार नाही, पण ही फाइल ती बोट ठेवून वाचते आणि चूक दाखवते.

लिहायचे नियम थोडेच आहेत. सगळ्यात बाहेर एकच टॅग हवा, आमचा <हंगाम>. उघडलेला प्रत्येक टॅग बंद करायचा. आत काही नसेल तर शेवटी तिरपी रेघ. नावात मोकळी जागा सोडायची नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं नीट राहतात त्या प्रकारात, साठवायची. यामल नावाची दुसरी पद्धतही असंच काम करते आणि लिहायला सुटसुटीत आहे, पण त्यात ओळीआधीच्या मोकळ्या जागेवर अर्थ ठरतो आणि तिथे टॅबचं बटण चालत नाही. फोनवर टाइप करताना आणि फाइल इकडून तिकडे पाठवताना त्या जागा सरकतात. म्हणून मी टॅगच निवडले.

आता एआयला काय सांगायचं? मी लिहिते ते असं: "सोबतची फाइल हाच आमचा नियम आहे, तिच्यात बदल करू नको. एकाच एचटीएमएल फाइलमध्ये असं पान लिही की 'फाइल निवडा' हे बटण दाबून मी ही एक्सएमएल फाइल देईन आणि पान प्रत्येक बाईचा चुकारा दाखवेल. दुसऱ्या वेच्याला वेगळा भाव नसेल तर आधीच्या वेच्याचा धर. फाइलमधले आकडे देवनागरी आहेत, वाचताना ते बदलून घे. काही कळलं नाही तर अंदाज करू नको, मला विचार." बटण लागतं, कारण ब्राउझर फोनमधली फाइल आपल्या परवानगीशिवाय पानाला वाचू देत नाही. आकड्यांचं वाक्यही विसरू नका. पान ज्या भाषेत हिशोब करतं त्या जावास्क्रिप्टला '६०' हा नुसता मजकूर वाटतो, संख्या नाही.

बेरीज-वजाबाकी एआयकडून गप्पांमध्ये कधीच करून घेऊ नका. त्याच्याकडून पान लिहून घ्या आणि हिशोब पानाला करू द्या. म्हणजे त्याच नोंदींचं उत्तर दर वेळी तेच येईल. शिवाय एआयला दाखवायला दोन खोट्या नावांची फाइल पुरते. खऱ्या बायांची नावं आणि त्यांची उचल आपल्या फोनमध्येच राहते. कोणाची किती उचल आहे हे गावात कोणाला कळू नये, एवढी अब्रू त्यांची राखलीच पाहिजे.

एका चुकीनं माझा अख्खा दिवस घेतला. मी वावराखाली <पऱ्हाटी> असा टॅग ठेवला होता. उघडणारा फोनवर टाइप केला, बंद करणारा तालुक्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. दिसायला दोन्ही सारखे, पण ब्राउझर सांगत होता की टॅग जुळत नाही. 'ऱ्हा'मधला आडवा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. तेव्हापासून टॅगचं नाव मी दुसऱ्यांदा टाइप करत नाही, कॉपी करते. आणि तो टॅग आता <कपाशी> आहे.

पान आलं की जुन्या वहीवर ताडून बघा. थोरल्या काकूचं २३.५ किलो, फडक्याचं अर्धा वजा, उरले २३, दहानं २३०, उचल १०० गेली, हातात १३०. अशा दहा-बारा नोंदी मी हातानं काढल्या आणि त्यात तिसऱ्या वेच्याच्या मुद्दाम घेतल्या. फरक दिसला तर आधी फाइल वाचा. बहुतेक वेळा एखादा नियम लिहायचा राहिलेला असतो. भाव बदलला तर फाइलमधली एक ओळ बदला, पानाला हात लावायची गरज नाही.

फाइल तयार झाल्यावर मी ती बायांना वाचून दाखवली. "फडकं, वजा अर्धा किलो" हे मोठ्यानं वाचलं तेव्हा एक मावशी म्हणाली, "फडकं मोजलं कोणी हाये?" कोणीच मोजलं नव्हतं. त्याच संध्याकाळी ताणकाट्याला पाच फडकी लावली. एकही पाव किलोच्या वर गेलं नाही. दिवसाला दोन गाठोडी धरली तर अठरा जणींचे मिळून रोज नव्वद रुपये जास्तीचे कापले जात होते. एका कास्तकारानं फडकी स्वतः पुन्हा मोजली आणि मानलं. दुसऱ्यानं अजून मानलेलं नाही. म्हणून <फडकं> प्रत्येक वावराच्या आत वेगळं लिहिलंय. नाल्याकाठच्या वावराला आता ०.२५ आहे, टेकडीखालच्याला ०.५. आणि माय दर बाजाराला टेकडीखालच्या मालकाला ती ओळ फोनवर उघडून दाखवते.