मांजर ट्रेबाहेर शू करतंय? रागवायच्या आधी काय तपासायचं

मांजर दुखणं लपवतं. बरं नसलं की कुत्रं माणसाजवळ येऊन पडतं, मांजर कपाटाखाली जाऊन गप्प बसतं. त्यामुळे त्याच्या आजाराची पहिली खूण बहुतेक वेळा शी-शूच्या ट्रेमध्ये दिसते, आणि घरातले तिला वाईट सवय समजतात. गादी ओली केली की "डूख धरलाय त्याने" असं म्हणून मांजराला फटका मिळतो. मांजर सूड म्हणून गादी ओली करत नाही. त्याला शू करताना दुखत असतं, किंवा ट्रे नकोसा झालेला असतो, किंवा घरात कशाची तरी भीती बसलेली असते. तपासायचं ते याच क्रमाने.

बोका असेल तर आधी हे

बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, शूची जागा चाटतोय, आणि ट्रे मात्र कोरडा आहे. घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाही. मग एरंडेल पाजतात, तूप चाटवतात आणि "उद्या बघू" म्हणतात. त्या "उद्या"त बोका जातो.

बोक्याची मूत्रनळी टोकाकडे फार अरुंद असते. चिकट स्राव आणि बारीक खडे यांचा गोळा तिथे अडकला की शू पूर्ण बंद होते. मूत्राशय तट्ट फुगतं, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तात पोटॅशियम साचतं आणि त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. शू पूर्ण बंद झाल्यापासून साधारण एका दिवसात प्रकृती ढासळू लागते, दोन-तीन दिवसांत मृत्यू येतो. उलटी, सुस्ती आणि थंड पडलेले पाय दिसले तर वेळ फार थोडा उरलाय. नसबंदी झालेल्या बोक्यालाही हे होतं. मादीची नळी रुंद असल्याने तिच्यात असं अडकणं क्वचितच.

खात्री कशी करायची? ट्रे रिकामा करून स्वच्छ लिटर (ट्रेमध्ये घालायची वाळूसारखी भरड) भरा आणि बोक्याला ट्रेसह बाथरूममध्ये ठेवा. दोन तासांत तो पुन्हा पुन्हा बसला आणि शूने ओल्या लिटरचा गोळा तयार झालाच नाही, किंवा वाटाण्याएवढे दोन ठिपके दिसले, तर तडक निघा. उलटी किंवा सुस्ती असेल तर हे दोन तासही थांबू नका. पोट दाबून शू काढायचा प्रयत्न करू नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. दवाखान्यात भूल देऊन कॅथेटर (शू काढायची बारीक नळी) घालतात, सलाइन लावतात, बहुधा दोन-तीन दिवस ठेवून घेतात.

निघण्यापूर्वी फोन करून "बोक्याची शू बंद झाली आहे, कॅथेटर घालायची सोय आहे का" एवढं विचारा. येवला, निफाड किंवा दिंडोरीहून नाशिकला येणाऱ्यांनी तर विचारूनच निघावं. एका दवाखान्याने दुसरीकडे पाठवलं की एक-दीड तास सहज जातो. रात्री उघडा असणारा दवाखाना शहरात कोणता, ते आजच शोधून नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

शू होतेय, पण थोडी थोडी, लालसर, आणि भलत्याच ठिकाणी? मग मूत्राशयाला सूज असण्याची शक्यता जास्त. दहा वर्षांखालच्या मांजरांत यामागे जंतुसंसर्ग कमी वेळा सापडतो, मुळाशी ताण आणि कमी पाणी असतं. म्हणून लघवी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक मागून घेऊ नका. एरवी मोठं मांजर दिवसात दोन ते चार वेळा शू करतं आणि प्रत्येक गोळा अंड्याएवढा किंवा जरा मोठा होतो. म्हाताऱ्या मांजराचे गोळे महिन्या-दोन महिन्यांत वाढत गेले आणि पाण्याचा वाडगा लवकर रिकामा होऊ लागला, तर मूत्रपिंड, मधुमेह आणि थायरॉइड तपासून घ्या.

पाणी वाढवणं हा मूत्राशयाच्या त्रासावरचा स्वस्त आणि खरा उपाय. चार किलोच्या मांजराला खाण्यातून आणि पिण्यातून मिळून दिवसाला साधारण 200 मिली पाणी लागतं. कोरड्या खाण्यात जेमतेम दहा टक्के पाणी असतं, ओल्या खाण्याच्या पाउचमध्ये किंवा उकडलेल्या चिकनमध्ये खूपच जास्त. रोजच्या खाण्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवा. पाण्याचा वाडगा पसरट हवा आणि तो जेवणापासून व ट्रेपासून दूर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा दहा अंशांखाली येतो, तेव्हा गार पाण्याला मांजर तोंड लावत नाही. वाडग्यात सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी घाला.

ट्रे नकोसा का होतो

तब्येत ठीक निघाली की ट्रेकडे वळा. दुकानात मिळणारे बहुतेक ट्रे लहान असतात. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी. प्लास्टिकचं मोठं घमेलं किंवा कपड्यांचा उथळ टब उत्तम चालतो. लिटर पाच ते सात सेंटिमीटर जाड, बारीक आणि बिनवासाचं. सुगंधी लिटर आपल्या नाकासाठी असतं, मांजराला ते उग्र वाटतं. जितकी मांजरं, त्यापेक्षा एक ट्रे जास्त, आणि सगळे एका रांगेत नकोत, नाहीतर दांडगं मांजर एकाच जागी बसून सगळे अडवतं. वॉशिंग मशीनशेजारी ट्रे ठेवला आणि मशीन एकदा धडधडलं, की मांजर तिकडे परत फिरकत नाही. गोळे रोज काढा. घरात गरोदर बाई असेल तर ते काम दुसऱ्याने करावं: ताज्या विष्ठेतले टॉक्सोप्लाझ्माचे (गर्भाला अपाय करू शकणारे) जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई हेच संरक्षण.

उभ्याने, शेपटी थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर उडवलेली शू वेगळी. ती हद्द आखणं आहे. नसबंदीने बहुतेक बोक्यांत हे थांबतं. पाच-सहा महिन्यांचं झालं की ऑपरेशन करून घ्या. मादी चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, त्यामुळे "एक वेत होऊ दे" म्हणत थांबण्यात काही अर्थ नाही.

ओली जागा आधी कापडाने टिपा, एन्झाइमवाली धुण्याची पावडर पाण्यात कालवून पुसा, साध्या पाण्याने धुवा. फिनेल नको. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं मांजराला विषारी असतात. पाय चाटताना ती पोटात जातात.

कांदा, मांजा आणि घरातली औषधं

नाशिक जिल्ह्यात कांदा नाही असं घर सापडणं कठीण, म्हणून हे जरा सविस्तर. कांदा मांजराच्या लाल रक्तपेशी फोडतो. किलोमागे पाच ग्रॅम कांदाही अपाय करतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम. मध्यम कांद्याची एक मोठी फोडच ती. शिजवल्याने, वाळवल्याने विष जात नाही, आणि लसूण कांद्यापेक्षाही तीव्र. मांजर कच्चा कांदा खात नाही हे खरं, पण रश्श्यातला चिकनचा तुकडा, कांदा घातलेली भुर्जी, कांदा-लसूण मसाल्याची खरवड आवडीने खातं. परिणाम लगेच दिसत नाही. दोन ते पाच दिवसांनी हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळसर पडतात, शू तपकिरी होते, मांजर धापा टाकतं. तुकडा द्यायचाच तर फोडणीला टाकण्याआधी, नुसता उकडून बाजूला काढा.

शाकाहारी घरांत दूध-पोळीवर मांजर वाढवतात. मांजराला टॉरिन हा घटक मांस-मासळीतूनच मिळतो. तो न मिळाल्यास हळूहळू दृष्टी जाते आणि हृदय कमजोर होतं. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरासाठीचं तयार खाणं द्या. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात.

संक्रांतीला येवल्यात तीन दिवस पतंग उडतात, नाशिकच्या गच्च्यांवरही मांजा आठवडाभर लोंबत असतो. मांजराची जीभ काटेरी, काटे घशाकडे वळलेले, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं त्याला जमत नाही, ते गिळत जातं. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं. आतडं पुढे सरकायचा प्रयत्न करतं आणि लेंग्याच्या नाडीवर कापड गोळा व्हावं तसं दोऱ्यावर गोळा होतं. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं आतून चिरतं. लोंबतं टोक कापूही नका, ते आत सरकतं. मांजर घेऊन थेट दवाखाना गाठा. शिवणाचा दोरा, लोकर आणि देवघरातली वात यांनाही हेच लागू.

ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. ते पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. 500 मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. मांजराचं नॉर्मल तापमान मुळातच 100.5 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असतं, कान गरम लागणं म्हणजे ताप नव्हे. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध लावल्यास मांजराला झटके येतात. पुष्पगुच्छातली लिली आणल्याआणल्या घराबाहेर काढा, अंगावर पडलेले तिचे पराग चाटूनही मूत्रपिंडं निकामी होतात.

जेवण सोडल्यास

मोठ्या मांजराने एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, पिल्लाच्या बाबतीत बारा तासही पुष्कळ झाले. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की चरबी यकृतात साचून यकृत बंद पडायला लागतं. झोपलेलं असताना छातीचे श्वास मोजा: मिनिटाला तीसच्या आत हवेत. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं मांजर तातडीने दाखवायचं.

दवाखान्यात नेताना आणि गोळी देताना

कॅरियर (मांजर न्यायचा पिंजरा) माळ्यावरून ऐनवेळी काढू नका, चार दिवस आधीपासून उघडा ठेवून आत जुनी चादर घाला. वर उघडणारा असेल तर मांजराला मागच्या बाजूने उतरवा. रिक्षात कॅरियरवर टॉवेल टाका आणि कॅरियर मांडीवर न घेता सीटवर सपाट, हाताने धरून ठेवा. जमलं तर शूच्या गोळ्याचा आणि शीचा फोटो काढून न्या.

गोळी देताना मांजराचं तोंड आपल्यापासून पलीकडे राहील असं बसवा. डाव्या हाताने गालाची हाडं वरून धरून डोकं थोडं वर करा, उजव्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडा आणि गोळी जिभेच्या मुळाशी टाका. तोंड मिटवून गळा हलकेच चोळा. नाक चाटलं की गोळी उतरली. त्यानंतर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने पाच मिली पाणी हळूहळू पाजा. हे पाणी द्यायचं बरेच जण टाळतात. सर्दीसाठी दिली जाणारी डॉक्सीसायक्लिनची गोळी अन्ननलिकेत चिकटून राहिली तर तिथे जखम होऊन नळी आकसते, आणि मग सर्दी बरी होऊनही मांजर खाल्लेलं उलटून टाकत राहतं.